दंडातली वाकी

चिमणाबाईंच्या रक्तात किती साखर आहे, हे गेलं वर्षभर पुण्याला आधी कळायचं आणि कोल्हापुरात नंतर. इकडं गवळी गल्लीत म्हातारीनं चहाची बशी तोंडाला लावावी, आणि ती बशी विसळून पालथी पडेपर्यंत पुण्याहून लेकीचा फोन यावा. बरं, तो फोन आईला नसायचाच. वर्षाराणी फोन करायची ती वहिनीला.

"वहिनी, बाण वर चाललाय. आईला काय दिलंत?"

बिनसाखरेचा चहा दिला म्हणून संयोगितानं सांगावं, तर बिनसाखरेच्या चहानं एवढं चढतंय होय, हा पुढचा सवाल तयार. म्हातारीनं शेजारच्या बारशाला जाऊन बुंदीचा लाडू उडवलेला असायचा. पण जाब द्यायचा संयोगितानं. रक्त सासूचं आणि परीक्षा सुनेची, असा एकूण मामला होता.

चिमणाबाईंच्या डाव्या दंडाच्या मागच्या अंगाला रुपयाएवढा पांढरा सेन्सर चिकटवलेला होता. तो आतली साखर मोजायचा आणि कमरेच्या बटव्यातल्या फोनला सांगायचा. तिथून तोच आकडा सून, मुलगा आणि लेक, तिघांच्या फोनवर जायचा. रेघ हिरव्या पट्ट्यात असली की घरात शांतता. पट्ट्याच्या खाली गेली की आकडा लाल, आणि भोंगा असा की गोठ्यातल्या म्हशी कान टवकारायच्या. चिमणाबाई त्याला बिल्ला म्हणायच्या. म्हशींच्या कानात बिल्ला, माझ्या दंडात बिल्ला, आता सगळा गोठा सरकारी झाला, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

वर्षाराणीला नुसता दोष देऊन भागायचं नाही. ती पुण्याला बँकेत मोठ्या जागेवर होती, मागं शंभर व्याप, पण नवा सेन्सर पाठवायला ती कधी चुकली नाही. आईपासून लांब राहणाऱ्या लेकीची काळजी आकड्यावर बसली होती, एवढंच. आणि संयोगिताही काही गरीब गाय नव्हती. तिनं वर्षभरात ती रेघ म्हशीच्या स्वभावासारखी ओळखून घेतली होती. भात तडक चढवतो, जोंधळ्याची भाकरी दमानं चढते, गोठ्यात शेणघाण काढली की उतरतं. वाद घातला की काही न खाताही चढतं, हे मात्र तिनं नणंदेला कधी सांगितलं नाही.

एक गोष्ट तर ती अगदी पहिल्या आठवड्यात शिकली होती. रोज पहाटे भोंगा वाजायचा, घरभर धावपळ व्हायची, आणि चिमणाबाई डाव्या कुशीवर घोरत पडलेल्या. मग डॉक्टरांनी सांगितलं की दंड अंगाखाली दाबला गेला की सेन्सर खोटंच कमी दाखवतो. शंका आली तर बोटातलं रक्त काढून बघायचं. तेव्हापासून तिनं सासूला उजव्या कुशीवर झोपायची सवय लावली. म्हणजे कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं, आणि तरीही पाडव्याला जे व्हायचं ते झालं.

पाडवा म्हणजे गवळी गल्लीचा जीव. दिवाळीच्या त्या दिवशी म्हशी नटून रस्त्यावर येतात. शिंगं रंगतात, कवड्यांच्या माळा, मोरपिसांचे तुरे, पायांत चांदीचे तोडे. कुणी म्हैस मोटारसायकलमागं पळवतो, कुणी हलगीवर नाचवतो. चिमणाबाईंच्या, म्हणजे खाड्यांच्या घराची रीत वेगळी. घरातल्या एकानं रस्त्याच्या पार टोकाला जाऊन उभं राहायचं. म्हैस गोठ्याच्या दारात मोकळी सोडायची. दावं नाही, काठी नाही. टोकावरून हाक मारायची, आणि म्हशीनं हजार माणसांची गर्दी कापत त्या हाकेकडं यायचं. ही रीत घातली चिमणाबाईंच्या सासूनं, धोंडुबाईनं. पुढं चिमणाबाईंचे मालक ज्ञानूअण्णा हाक मारायचे. ते गेल्यावर गल्ली म्हणाली, खाड्यांची हाक संपली. त्याच वर्षी चिमणाबाई पदर खोचून टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, आणि म्हैस आली. विधवा बाई रस्त्यावर उभी राहून ओरडते म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनीच शिट्ट्याही मारल्या होत्या.

गेल्या पाडव्याला मात्र घात झाला. चिमणाबाईंनी सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन टोचून घेतलं, आणि म्हशींना ओवाळल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही म्हणून तशाच राहिल्या. ओवाळणी लांबली. टोकाला जाऊन त्यांनी हाक मारली, गजरा म्हैस निघाली, आणि ती पोचायच्या आत बाई रस्त्यावर कोसळल्या. गजरा त्यांच्या अंगाशी जाऊन उभी राहिली आणि कुणाला जवळ येऊ देईना. पंढरपुरी म्हैस ती, तलवारीएवढी लांब शिंगं. शेवटी संयोगिता त्या शिंगांखालून सरपटत आत गेली आणि सासूच्या ओठांना गुळाचं पाणी लावलं. तो दिवस वर्षाराणीनं पुण्यात बसून कुणाच्या तरी व्हिडिओवर बघितला. सेन्सर आला तो त्यानंतर.

यंदा ती दोन दिवस आधीच आली ती ठरवूनच. आई टोकाला जाणार नाही. तिथं जवळ कुणी नसतं, पडली तर कोण बघणार? संयोगिताच्या नवऱ्यानं, पृथ्वीराजनं, थोडी मान हलवली, थोडी नाही, आणि शेवटी बहिणीच्या बाजूला जाऊन बसला. तिसरे मिळाले केरबातात्या, म्हणजे चिमणाबाईंचे धाकटे दीर. त्यांचं दुखणं वेगळं होतं. अण्णा गेल्यावर हाक आपल्याकडं यायला पाहिजे होती, हे त्यांच्या मनातून कधी गेलंच नव्हतं. पुतणीच्या काळजीला त्यांनी एवढ्या मायेनं दुजोरा दिला की संयोगिताला हसू आवरेना. उरली ती एकटी सासूच्या बाजूला, आणि तिच्या शब्दाला वजन किती? आकडा चुकला की जिला फोन येतो, तिच्या शब्दाएवढं.

चिमणाबाई सगळं ऐकून घेत होत्या. मग तांब्या खाली ठेवून त्यांनीच निकाल दिला.

"निघायच्या वक्ताला फोनवर हिरवं असलं तर मी जानार. लाल असलं तर भावजी जातील. मग कुनी बोलायचं न्हाय. मी बी न्हाय."

केरबातात्यांनी लगेच टाळी द्यायला हात पुढं केला. वर्षाराणी कबूल झाली. आणि तिनं वळून वहिनीकडं बघितलं, ते बघणं संयोगिताला बरोब्बर कळलं. आता सगळं तुमच्या हातात आहे, असं ते बघणं होतं.

पाडव्याच्या सकाळी संयोगितानं काही म्हणता काही उणं ठेवलं नाही. ओवाळणी वेळेत उरकून घेतली. इंजेक्शननंतर समोर बसून भाकरी, मेथीची भाजी आणि वाटीभर दही खायला लावलं. रेघ हिरव्या पट्ट्याच्या मधोमध, कुणी आखून दिल्यासारखी. एकशे छत्तीस. तो आकडा बघून तिला जे वाटलं ते अभिमानाशिवाय दुसरं काही नव्हतं. दहावीत गणितात पहिली आल्यावरसुद्धा तिला एवढा मान वाटला नव्हता.

दुपारी सासूला नटवायला बसली. अंजिरी नऊवारी, आखूड बाह्यांची चोळी, कपाळावर बुक्का. मग कपाटातून वाकी काढली. धोंडुबाईची सोन्याची वाकी, वर मोर, मागं आवळायची फिरकी. वर्षातून एकदा, पाडव्याला, हाक मारणाऱ्या बाईच्या उजव्या दंडात ती चढायची. वर्षाराणीनं लग्नात ती मागितली होती. आईनं दिली नव्हती. वाकी हाकेबरोबर जाते, ती या घराबाहेर जायची नाही, असं सरळ तोंडावर सांगितलं होतं. नणंद-भावजयीत त्या दिवसापासून एक बारीक काटा राहिला होता, आणि तो काढायला दोघींपैकी कुणीच हात घातला नव्हता.

संयोगितानं सासूचा पदर सारखा केला, आणि बाहीखाली तो पांढरा बिल्ला उघडा दिसला. उन्हात तर लांबून दिसला असता. तिला चार दिवसांपूर्वीची गोष्ट आठवली. केरबातात्या चहाच्या गाड्यावर चारचौघांत म्हणाले होते, आमची वैनी आता मीटरवर चालती, रिक्षासारखी. गाड्यावरचं सगळं टोळकं खो खो हसलं होतं आणि ती दुधाची किटली घेऊन तशीच पुढं गेली होती. आज सगळी गल्ली, सगळं कोल्हापूर बघायला येणार. फोटो निघणार. आपल्या सासूकडं लोकांनी बोट दाखवावं आणि हसावं, हे तिला सोसवेना.

तिनं वाकी उजव्या दंडात न घालता डाव्यात घातली. बिल्ल्यावर बरोबर बसवली आणि हलू नये म्हणून फिरकी दोन वेढे जास्तच आवळली. बिल्ला दिसेनासा झाला, नुसता मोर दिसायला लागला.

चिमणाबाईंनी डाव्या दंडाकडं बघितलं, मग सुनेकडं बघितलं. मग गूळ घेऊन गोठ्याकडं निघाल्या.

गोठ्यात गजराला सजवायचं काम चाललं होतं. पृथ्वीराजनं शिंगांना तेल लावून लाल आणि पिवळा रंग चढवला होता. तिच्या पाठीवर केस कातरून त्यानं अण्णांचं नाव काढलं होतं, सुबक अक्षरात. चिमणाबाई गजरासमोर उभ्या राहून तिला गूळ चारत होत्या आणि हळू आवाजात काहीबाही सांगत होत्या. बाहेर पहिल्या हलग्या कडाडल्या. केरबातात्या नवा फेटा बांधून आले होते आणि उगीचच घसा खाकरत होते. सगळं कसं झ्याक चाललं होतं.

भोंगा वाजला तो आधी वर्षाराणीच्या फोनवर. मग पृथ्वीराजच्या, मग संयोगिताच्या. तिनं फोन वर केला. एकसष्ट, लाल, बाण सरळ खाली. ती बघत असतानाच बावन्न झाले.

वर्षाराणी स्वयंपाकघरात पळाली आणि साखरपाण्याचा पेला घेऊनच आली. आईला तिनं धरून कट्ट्यावर बसवलं. पृथ्वीराजच्या हातातलं मोरपीस तसंच राहिलं. तात्या म्हणाले, वैनी, शब्द म्हंजे शब्द, आणि गजराच्या गळ्यातलं दावं सोडायला वाकले.

"मला काय झालेलं न्हाय," चिमणाबाई म्हणाल्या.

"गेल्या वर्षी पडायच्या आधी हेच म्हणालतीस की." पुण्याची वर्षाराणी बघता बघता गवळी गल्लीची झाली होती. "मी परत तो व्हिडिओ बघनार न्हाय, आई."

तिचं खरंच होतं. साखर उतरताना माणसाला कळतंच असं नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. संयोगिता सासूसमोर गुडघ्यावर बसली. तळहात हातात घेतला. कोरडा होता, ऊबदार होता. गेल्या वर्षी तो घामानं निथळत होता. डोळे जागेवर होते, नजर टोकदार. सकाळचं जेवण तिच्या डोळ्यांदेखत झालेलं. मग बावन्न आले कुठून? पण आपण फोन खोटा म्हणावा आणि उद्या म्हातारी पडावी, मग काय? आयुष्यभर पुण्याचा फोन वाजत राहिला असता, आणि त्यात वर्षाराणीची काही चूक नसती.

"पेला हातात असू दे, वन्सं," ती म्हणाली. "आधी बोटातलं बघूया. लगेच होतंय."

तिनं कपाटातलं जुनं मशीन आणलं, सासूच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. एकशे एकोणसत्तर. पृथ्वीराजनं मोठ्ठा सुस्कारा सोडला. पण वर्षाराणी सहजासहजी हार जाणारी नव्हती, आणि डोकं तर तिचं पहिल्यापासून तल्लख.

"तिनं आत्ता गजराला गूळ चारलाय. हात धुतलेत?"

नव्हते धुतले. संयोगिताच्या हे लक्षातच आलं नव्हतं. बोटाला गूळ लागलेला असला तर मशीन गुळाचीच साखर मोजणार. तिनं नणंदेकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की ही बाई आपल्यावर पहारा ठेवत नाही, आपल्याच बाजूला उभी आहे. दोघींनी मिळून म्हातारीचे हात साबणानं धुतले, पुसले. दुसऱ्या हाताच्या बोटातून थेंब घेतला.

एकशे एकोणचाळीस.

"मग फोन असं का दाखवतोय?" वर्षाराणीनं विचारलं. ह्या वेळी त्या विचारण्यात जाब नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

संयोगितानं उत्तर द्यायच्या आत तिला ते दिसलं. डाव्या दंडात मोर रुतून बसला होता आणि वाकीच्या वरखाली कातडी फुगली होती. डावी कुस. पहाटेचे भोंगे. सगळं तिच्या ध्यानात आलं. गप्प बसून वाकी सैल केली असती तरी भागलं असतं. यंत्र कधीमधी चुकतं, असं म्हणून सगळे मोकळे झाले असते. पण मग उद्यापासून ह्या घरात कुणीच त्या आकड्यावर विश्वास ठेवला नसता, आणि एक दिवस भोंगा खरा वाजला असता.

"फोन चुकला न्हाय. मी चुकलो," ती म्हणाली. कोल्हापूरच्या बायका स्वतःला असंच म्हणतात, मी आलो, मी गेलो. "बिल्ला दिसू नये म्हनून मीच वाकी त्येच्यावर आवळली. दंड दाबला की त्यो खोटं कमी दाखवतोय. मला म्हाईत होतं."

"दिसला असता तर काय बिघडलं असतं?" वर्षाराणीनं विचारलं.

संयोगितानं मान खाली घातली. केरबातात्यांचं नाव घ्यायला तिची जीभ रेटेना. पण तात्यांनी आपण होऊनच फेट्याशी चाळा सुरू केला, त्यावरून ज्याला समजायचं त्याला समजलं. चिमणाबाईंना तर सगळं आधीच माहीत असावं. गाड्यावरची चेष्टा गल्लीत कधी लपून राहते?

संयोगितानं फिरकी उलटी फिरवली. वाकी निघाली आणि दंडावर मोराचा लाल ठसा उमटलेला दिसला. आता वाट बघण्याशिवाय हातात काही नव्हतं. ठरलं होतं ते फोनवरच्या हिरव्याचं, बोटातल्या थेंबाचं नाही, आणि चिमणाबाई आपल्या शब्दाला मुरड घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनीच सांगितलं, फोनवर हिरवं दिसू दे, मगच उठतो.

बाहेर एकेकाच्या म्हशी निघाल्या. हलग्यांचा आवाज जवळ आला, लांब गेला. चौघं फोनला चिकटून बसलेले. तात्यांना मात्र दम निघेना. लोक खोळंबलेत, खाड्यांची म्हैस कुठाय म्हणत्यात, तोवर मी जरा बघतो, असं म्हणून त्यांनी गजराला दारात आणलं आणि स्वतः गल्लीत लांब जाऊन उभे राहिले. हाक मारली. आवाज दणदणीत, त्यात काही कमी नव्हतं. गजरानं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. पुन्हा हाक. गजरा निवांत खाली बसली आणि रवंथ करायला लागली, नव्या रांगोळीवर. गल्लीत हशा पिकला. तिसरी हाक त्यांनी मारलीच नाही.

ते परत आले तेव्हा फेटा हातात होता. कट्ट्यावर चिमणाबाईंशेजारी बसले.

"किती झाली?" त्यांनी संयोगिताला विचारलं.

"सहासष्ट. बाण वर हाय."

"मग बसूया की थोडं," तात्या म्हणाले. "लोकांची काय घाई हाय."

एवढ्या वर्षांत ह्या घरात बाजू बदलणारे पुष्कळ झाले, पण इतक्या गुपचूप कुणी बदलली नव्हती. पृथ्वीराजनं त्यांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला. थोड्या वेळानं आकडा शंभरावर गेला, मग एकशे चोवीसवर. रेघ हिरव्या पट्ट्यात आली. वर्षाराणीनं फोन आईच्या डोळ्यांसमोर धरला आणि साखरपाण्याचा पेला मोरीत ओतून आली. येताना तिच्या हातात अर्धी भाकरी आणि दुधाची वाटी होती. उन्हात उभं राहायचंय, चालायचंय, उतरेल, हे खाऊनच उठायचं, असं तिनं आईला बजावलं. संयोगिता नेमकं हेच सांगणार होती. दोघींची नजरानजर झाली आणि दोघीही थोडं हसल्या.

भाकरी संपली तशा चिमणाबाई उठल्या. संयोगितानं वाकी उचलली, ती आता उजव्या दंडात घालायला पुढं झाली. म्हातारीनं हात मागं घेतला.

"माझा दंड आता बिल्ल्याचा. वाकी तू घाल."

वाकी हाकेबरोबर जाते, हे वाक्य तिथं असलेल्या सगळ्यांना पाठ होतं. तिनं आधी बघितलं ते वर्षाराणीकडं. वर्षाराणीचा चेहरा क्षणभर लहान मुलीसारखा झाला होता, दुकानातून हवी ती वस्तू न मिळता परत निघालेल्या मुलीसारखा.

"आत्या, ह्यावर वन्संचा—" ती सासूला म्हणाली.

"तिला काय द्यायचं ते मी बघीन. ही वाकी कोल्हापुरातच राहनार," चिमणाबाई म्हणाल्या. "गेल्या साली शिंगाखाली कोन शिरलं? आनि आज सगळ्यांम्होरं आपली चूक कोन बोललं? हाक मारायला आवाज लागत न्हाय पोरी, छाती लागती. माझ्याजवळ टोकाला तू हुबी राहनार."

वर्षाराणी पुढं आली. वहिनीच्या हातातून तिनं वाकी घेतली, मोरावरून एकदा अंगठा फिरवला, आणि स्वतःच्या हातानं ती संयोगिताच्या दंडात चढवली. फिरकी आवळताना हळूच म्हणाली, "जास्त आवळत नाही हं. तुमचा आकडा खाली जायचा."

मग चिमणाबाईंनी एक केलं. चोळीची डावी बाही दोन घड्या घालून वर सरकवली. पांढरा बिल्ला, आणि त्याच्याभोवती मोराचा लाल ठसा, सगळं उघडं. तशाच त्या रस्त्यावर आल्या, सून डाव्या हाताला. गर्दीनं वाट दिली. कुणातरी बाईनं विचारलंच, आक्का, दंडाला काय लागलंय? चिमणाबाईंनी चालता चालता, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की साखरेचा बिल्ला हाय, आमचं सगळं घर माझी राखन करतंय, तुझी कोन करतंय? मागं केरबातात्या फेटा पुन्हा बांधून चालले होते. चहाच्या गाड्यापाशी टोळकं उभं होतं, त्यांच्याकडं बघून तात्यांनी मिशीवर हात फिरवला. वैनीच्या दंडाकडं बघून हसायची त्यांच्यातल्या एकाचीही टाप झाली नाही.

टोकाला पोचल्यावर संयोगिताला रस्ता केवढा लांब दिसला. पार त्या तिकडं गोठ्याचं दार, दारात पृथ्वीराज, त्याच्या हातात गजरा. दाराशेजारच्या कट्ट्यावर चढून वर्षाराणी उभी, हातात फोन. चिमणाबाईंनी कमरेचा बटवा चाचपला, पाय रोवले, छाती भरून श्वास घेतला.

ती हाक कशी होती ते लिहून दाखवता येत नाही. नुसतं नाव होतं, शेवटाला ताणलेलं. हलग्या आपोआप थांबल्या. पृथ्वीराजनं दावं सोडलं आणि गजरा निघाली, आधी चालत, मग धावत, तोडे वाजवत, मोरपिसं उडवत, माणसं दोन्ही बाजूंना फाकवत. पाठीवर अण्णांचं नाव हेलकावे खात येत होतं. संयोगिताला भीती वाटली नाही. तिनं सासूच्या हाताला हात लावला, तो कोरडा होता, ऊबदार होता. गजरा समोर येऊन थांबली, धापा टाकत तिनं मुस्कट चिमणाबाईंच्या खांद्यावर ठेवलं, आणि म्हातारी तिच्या कानात हसली.

रस्त्याभर शिट्ट्यांचा कल्लोळ उठला. त्या कल्लोळातूनही पलीकडच्या टोकावरनं, कट्ट्यावरनं एक आवाज आला. बँकेतली, पुण्यातली वर्षाराणी फोन डोक्यावर धरून गवळी गल्लीच्या पोरीसारखी ओरडत होती. आईचीच हाक होती ती, तसूभर कमी नाही.

"वहिनी, एकशे अठरा! हिरवं हाय!"

गर्दीला वाटलं गजराला गुण मिळाले. गर्दीनं एकशे अठराला टाळ्यांचा कडकडाट केला, कुणी भंडारा उधळला. चिमणाबाईंनी ते ऐकलं आणि सुनेला कोपरानं ढोसलं, उत्तर दे की तिला. संयोगितानं हात वर केला, वाकीचा. तो खाली घ्यायचं तिला बराच वेळ सुचलं नाही.